भिंतीवरची नववी पोर

सोमवार, १४ एप्रिल १९९७

"लिंबायतच्या आयांनो, सातवी झाली की तुमच्या पोरींची शाळा संपते, आणि पुढची आखाजी आली की त्यांचं खेळणंही संपतं."

एक मेच्या भाषणाचं हे पहिलं वाक्य. सकाळी चहा पिताना सुचलं. वाक्य चांगलं आहे. अशी वाक्यं माझ्याकडे पोतंभर पडून आहेत. दुसरं मात्र आलं नाही. पूर्वी पहिलं आलं की मागची आपोआप धावत यायची.

आज जयंतीची सुरतेत दोन भाषणं. एक आपल्याच वस्तीत, एक पर्वत पाटियाला. दोन्हीकडे टाळ्या. पर्वत पाटियाला एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "सरलाबाई, तुमचा आवाज म्हणजे तोफ." घरी येऊन तोफेने मिठाच्या गुळण्या केल्या.

एक मेला मंडळाच्या हॉलच्या भिंतीवरचं चित्र खुलं करायचं आहे. मैदानाकडची भिंत. चित्र खो-खोचं — त्या मैदानात मी शाळेच्या पोरींना इतकी वर्षं खो-खो शिकवला म्हणून. मंडळाचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ म्हणाले, "चित्रात आपल्याच गल्लीतल्या पोरी घेऊ, बाई. आणि तुमचं भाषण एकदम जोशात पाहिजे. पण शॉर्टमां." जोश आणि शॉर्ट. हे दोन्ही एकदम फक्त फटाक्याला जमतं.

बुधवार, १६ एप्रिल

संध्याकाळी भिंत बघायला गेले. कुंदन शिडीवर. हा माझाच विद्यार्थी, आता रिंग रोडच्या एका स्टुडिओत साड्यांची डिझाइनं काढतो. खडूने आखणी झाली होती. आठ पोरी ओळीने बसलेल्या, नववी त्यांच्या मागून पळतेय, हात पुढे. मागे लिंबाचं झाड, कारखान्याचे पत्रे. सगळं छान. आणि बसलेल्या आठही पोरींची तोंडं रस्त्याकडे!

"कुंदन, हे काय?"

"काय, बाई?"

"तू खो-खो खेळलास ना कधी?"

"मी गोट्या खेळायचो."

मग त्यानेच मला समजावलं. साडीत बुट्टा एकदा काढायचा, पुढे तोच रिपीट. मोर असले तर सगळे मोर एकाच बाजूला बघणार. एक जरी उलटा निघाला तर शेठ डिझाइन तोंडावर फेकतो. "हाताला सवय पडली, बाई."

मी शिडीखालीच तास घेतला. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे, तिसरीचं परत इकडे. का? तर ज्याला पकडायचं तो भिडू दोन्ही बाजूंनी पळतो. सगळ्या एकीकडेच बघत बसल्या तर तो पाठीमागून हसत हसत निसटेल. तो म्हणाला, "मग निम्म्या पोरींच्या नुसत्या पाठी दिसतील."

"दिसू देत."

"बाई, ज्यांच्या पाठी दिसतील त्यांच्या आया तुम्हीच सांभाळा."

शुक्रवार, १८ एप्रिल

घसा. दिवसभर कुणाशी बोलले नाही. बरं वाटलं.

रविवार, २० एप्रिल

कुंदनचं भाकीत खरं ठरलं. चार पोरींची तोंडं भिंतीकडे वळवली आणि गल्ली पेटली. सुमन कमरेवर हात ठेवून उभी. "माझ्या कविताचीच पाठ का? ती काय सावत्र आहे?" दुसरी म्हणाली, "पाठीवरून वळखू येतेय का कोनती कोनाची? मंग चितर कशाला, नुसत्या वेण्या काढा." एकीने तर कुंदनला सांगितलं, खेळ ऱ्हाऊ दे तसाच, फक्त मान वळव पोरीची. घुबडासारखी.

मी पुन्हा तास घेतला. आता आयांचा. बसलेलीच्या पाठीवर मागून हात पडतो, पाठलाग करणारी मोठ्याने 'खो' म्हणते, की ती उठते आणि पळत सुटते. जी पळत होती ती तिच्या जागेवर बसते. म्हणून पाठ महत्त्वाची. हात पाठीवरच पडतो, तोंडावर नाही. सुमन म्हणाली, "आमच्याकडं उलटं आहे." सगळ्या हसल्या. भांडण मिटलं.

फक्त सुंदरा भांडली नाही. लूमवर काम करणाऱ्या दगाची बायको. तिची योगिता म्हणजे चित्रातली नववी — पळणारी. खरीच तशी पळते पोर. माझ्या हाताखालच्या सगळ्यांत चपळ. सातवीची परीक्षा आताच झाली तिची. सुंदरा चित्राकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बसेल पोर आपली आपन उठी तं?"

"फाऊल."

"आन् कोन्ही खोच नही दिधा तं?"

"तर बसून राहायचं," मी म्हणाले आणि दुसरीकडे वळले.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी कुंदन घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा. "दगाभाऊ येऊन गेला. म्हणतो, योगिताला पूस."

योगिताचं लग्न ठरलंय. आखाजीला, गावी. अक्षय्य तृतीयेला मुहूर्त बघावा लागत नाही, कारखाने बंद असतात, आख्खा खानदेश गावाकडे निघालेला असतो — मांडव आयताच भरतो. नवऱ्या मुलाचा मामा इथेच लूमवर आहे. रोज त्या भिंतीसमोरून कामाला जातो. सून भर रस्त्यावर फ्रॉक घालून पळताना दिसली तर काय म्हणेल!

तशीच गेले. दगा रातपाळीचा, नुकता उठून तोंड धूत होता. सुंदरा खाली बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होती, ढीग पुढ्यात. योगिता पाणी भरायला गेलेली.

"दगाभाऊ, पोर तेरा वर्षांची आहे."

"माले माहीत शे, बाई. जलमनी तवा मीच व्हतू."

मी कायदा काढला. मी कायदा छान सांगते. त्याने पुरा ऐकला. टॉवेलने तोंड पुसलं. म्हणाला, "कायदा शे. मंग मराठी आठवी कोठे शे ते बी सांगा. दोन रिक्षा बदलीसन. मी सकाळले कामवरतीन येस आन् झोपस. हाई साड्यासना गठ्ठा लेवाले जास. पोर एकली कशी जाई?" मी काही बोलणार, तोच, "दंगल दखी, प्लेग दखा. दोन्ही टाइमले आमले गावनीच पोटशी लिधं. तठे विहीर शे, घर शे, मानसं शेतस. इठे काय शे? भिंत शे."

तो माणूस वाईट नाही. हेच अवघड. वाईट माणसाविरुद्ध मी दोन तास बोलू शकते.

निघताना सुंदराने मान वर केली. कात्री हातातच. "तुमी बोलतस ते कानले ग्वाड लागस, बाई. पन तुमी बोलीसन चालना जातस. आम्ही आठेच ऱ्हातस."

गुरुवार, २४ एप्रिल

चौकीत गेले. जमादार ओळखीचा, माझी भाषणं बंदोबस्ताला उभं राहून ऐकलेली. चहा मागवला. "बेन, लगन तो गाममां छे ने? ए महाराष्ट्र. अमारी हद नथी." समोरच्या पीसीओवरून गावाकडच्या ठाण्याला फोन लावला. तिकडचे म्हणाले, मुलगी सुरतेला राहते ना? मग सुरतेला सांगा. इकडची हद्द आणि तिकडची हद्द यांच्यामध्ये तापी लाइनचे रेल्वे रूळ आहेत. गाडीत बसली की पोर कुणाचीच नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

कपाटातली पुस्तकं काढून झटकली. क्रांत्या, चळवळी, थोरांची चरित्रं. कशातही दगा नाही.

रविवार, २७ एप्रिल

पुसली.

भूपेंद्रभाऊंनी सांगितलं म्हणे. मंडळात भांडण नको, दगा आपला माणूस. कुंदनने चुना फिरवला. पळणाऱ्या पोरीच्या जागी आता पांढरा पट्टा. "तिथे एखादं झाड काढ म्हणाले. मी म्हटलं, चुना वाळू द्या." मग खाली उतरून हळूच, "बुट्टा खोडायला कधी काही वाटत नाही हो, बाई. रोज दहा खोडतो. आज हात चालेना."

चित्र बघत उभी राहिले. आठ पोरी बसलेल्या. चौघी इकडे बघतायत, चौघी तिकडे. उभं कुणीच नाही. झाड आहे, आकाश आहे, मैदान आहे, ऊन तर इतकं खरं आलंय की डोळे बारीक व्हावेत. खेळ तेवढा नाही.

योगिता माझ्या शेजारी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. हातात रॉकेलचा डबा. पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होती.

"बाई, मी फाऊल केला का?"

"नाही ग," म्हणाले. तीस वर्षं व्यासपीठ गाजवलेल्या बाईला एवढंच आलं. ती डबा या हातातून त्या हातात घेत निघून गेली. चालत.

मंगळवार, २९ एप्रिल

भूपेंद्रभाऊंना सांगितलं, पुसलेलं चित्र मी खुलं करणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "बाई, चित्र जसं आहे तसं आहे. तुम्ही नाही बोललात तर हजीऱ्याच्या कंपनीतले एक साहेब आहेत, ते बोलतील. मराठी आहेत." मग थोडे नरमले. "अहो, तुम्ही दगाला कालपर्यंत समजावलं ना? तो ऐकला का? मग भिंतीवर भांडून काय होणार? भिंत काय लग्न मोडते?"

खरंच, भिंत लग्न मोडत नाही. भाषण मोडतं का? प्रत्येक आखाजीआधी मी या विषयावर बोलले आहे. माणसं ऐकतात, मान डोलावतात. बायका पदराने डोळे पुसतात. आणि मग ट्रंका बांधून उधना स्टेशनला जातात. मागे एकदा एका नवऱ्या मुलीच्या आईने मला लाडू आणून दिला होता. म्हणाली, बाई, तुमचं भाषण फार आवडलं, मांडवात सगळ्यांना सांगितलं मी.

दमले आहे. खेळात एकटीच पळणारी दमणारच. त्यात नवल ते काय.

बुधवार, ३० एप्रिल

दुसरं वाक्य अजून आलेलं नाही.

गुरुवार, १ मे

शेवटी गेले. न जाणं म्हणजे साहेबाला माइक देणं.

लूमच्या ग्रे, म्हणजे कोऱ्या न रंगवलेल्या कापडाने भिंत झाकली होती. भूपेंद्रभाऊंनी दोरी ओढली, कापड अडकलं, कुंदनने शिडीवर चढून सोडवलं. टाळ्या. पांढरा पट्टा तसाच. कुंदनने झाड काढलेलं नव्हतं. भूपेंद्रभाऊ त्याच्याकडे बघत राहिले, तो शिडीकडे.

समोर सतरंज्यांवर बायका दाटीने बसलेल्या. मागे सायकलींना टेकून पुरुष. त्यात दगा. मी माइक धरला आणि ते वाक्य म्हटलं. लिंबायतच्या आयांनो, सातवी झाली की. आवाज लागला, अगदी पूर्वीसारखा. टाळ्याही पूर्वीसारख्याच.

आणि मला समोर दिसलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. एका रांगेत, एका बाजूला. कुंदनची पहिली आखणी! सगळ्या मला बघतायत, मी बोलतेय, आणि पाठीमागून गाडी सुटतेय.

माइक ठेवला. भूपेंद्रभाऊ कुजबुजले, "बाई, इतलं शॉर्ट नाही." स्टेजच्या पायऱ्या उतरले. गुडघा करकरला. बायकांच्या मागून वळसा घालून गेले. कुणीतरी म्हणालं, बाईंना चक्कर आली वाटतं, पाणी आणा. सुंदरा तिसऱ्या ओळीत होती. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"खो," म्हणाले. मोठ्याने. मैदानात म्हणायचे तसं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आधी हसली. मग हसू गेलं. मी हात काढला नाही. ती उठत नव्हती. मला वाटलं, आता हिला आणि मला दोघींनाही लाज. मग ती उठली. तिच्या जागेवर मी बसले — सतरंजी तिच्या अंगाने ऊबदार झालेली होती.

सुंदरा चालत भिंतीपाशी गेली. पांढऱ्या पट्ट्यासमोर जाऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. हिरवी साडी, मागे चुना. आता चित्रात नऊ जणी. ती काही बोलेल असं वाटलं. तोंड उघडलं तिने.

मागून दगाचा आवाज आला. चढा नव्हता. "सुंदरा, घर चाल."

ती गेली. मंडळाने पेढे वाटले. सतरंज्या गुंडाळायची वेळ येईपर्यंत मी तिथेच बसून होते. सुमन जाताना वाकून म्हणाली, "बाई, हे काय केलंत? बिचारीला घरी उत्तर द्यावं लागेल." बरोबर बोलली.

शुक्रवार, २ मे

दगाचं दार लावलेलं. आत ट्रंक ओढल्याचा आवाज. परवा, रविवारी सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने निघणार. अर्धी लिंबायत त्याच गाडीला आहे.

कारखाने एकेक बंद पडतायत. खटखट थांबली की कान दुखतो. नळावर कुणीतरी मला 'नाटकी बाई' म्हणालं. मी ऐकलं हे तिला कळलं, तरी बादली भरून झाल्यावरच गेली.

शनिवार, ३ मे

सकाळी दारात बसून तांदूळ निवडत होते. पाठीवर हात पडला.

"खो, बाई."

सुंदरा! मागे सुमन, तिच्यामागे आणखी चार-पाच जणी. सकाळपासून घरोघर फिरतेय म्हणे. शब्द एकच. ज्या पाठीवर हात ठेवला ती उठून पुढच्या घरी जाते. काही जणींनी हात झटकलाही. सुमननेही आधी झटकला होता.

मी उठायला लागले, विचारलं, मी काय बोलू? सुंदरा म्हणाली, "बोलू नका. नुसत्या बसा." आणि मग बायकांकडे वळून, एका दमात, कात्रीने धागा कापावा तसं — तिचेच शब्द, इथे लिहून ठेवते:

"सकाय, रविवारले, उधनाले, भुसावळनी गाडीजोडे. लायनीत बसानं. निम्म्यासनी तोंड गाडीकडे, निम्म्यासनी जिनाकडे, मना मालक कोठूनबी पोर लईसन उना तरी दिसाले पाहिजे. मनी पोर गाडीमा चढू देऊ नका. या."